कचकडा, कापूर आणि पट

आजीच्या लाकडी पेटीत एक फणी होती. मधाच्या रंगाची, मधूनमधून तपकिरी ढग असलेली, दोन दात पडलेली. आजी तिने केस विंचरत नसे, पण टाकूनही देत नसे. मला ती हाताळायला मिळायची ती एकाच अटीवर: "कचकड्याची आहे ती, चुलीपाशी न्यायची नाही." दुपारी घर निजले की मी ती फणी फ्रॉकच्या घेरावर खसाखसा घासायची आणि नाकाशी धरायची. तिला कापराचा वास यायचा, अगदी देवघरातल्या कापराचा. पेटीत कधीकाळी कापराच्या वड्या ठेवल्या असतील आणि त्यांचा वास फणीला लागला असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

वास लागलेला नव्हता. तो फणीचा स्वतःचाच होता. कापूस, सोऱ्याचे तेजाब आणि कापूर एवढ्यांतून कचकडा तयार होतो, आणि त्यात चौथा-पाचवा हिस्सा तरी कापूर असतो. हे मला कळले ते फार पुढे, जुन्या चित्रपटांच्या फितींविषयी वाचताना. फाळक्यांनी ज्या फितीवर 'राजा हरिश्चंद्र' टिपला ती फीत आणि आजीची फणी एकाच जिनसेची. तेव्हापासून सिनेमाच्या भोवतीचा प्रत्येक शब्द मी त्या फणीसारखा घासून हुंगून बघत आले आहे.

आधी कचकड्याचेच घेऊ. हा शब्द सेल्युलॉइडपेक्षा जुना आहे. त्याचा मूळ अर्थ कासवाच्या पाठीचे कवच. कच्छ, कच्छप म्हणजे कासव, आणि ते कासव या शब्दाच्या पोटात अजून बसलेले आहे. हिंदीतही कचकड म्हणजे कासवाची पाठ. पुढे व्हेलच्या हाडालाही तो शब्द लागला, कारण त्या हाडाची खेळणी चीन-जपानकडून येत. कवचाच्या फण्या आणि डब्या महाग असत. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता सेल्युलॉइड तयार केले. या पदार्थाचा मोठा गुण असा, की तो दुसऱ्याचे रूप हुबेहूब घेई. हस्तिदंत हवा तर हस्तिदंत, पोवळे हवे तर पोवळे, कासवाचे कवच हवे तर तेही, तपकिरी ढगांसकट. हा माल आपल्या बाजारात आला तेव्हा लोकांनी तो उजेडात धरून पाहिला, कासवाच्या कवचासारखा दिसला, आणि कासवाचेच नाव त्याला दिले. प्रयोगशाळेतले नाव इथे पोहोचायच्या आत पेठेने बारसे उरकले होते. मग कचकड्याच्या बांगड्या आल्या, कचकड्याच्या बाहुल्या आल्या. बाहुल्या आतून पोकळ असत, म्हणून दिसायला गोड पण आतून रिकामे ते सगळे कचकड्याचे, असा अर्थही त्या शब्दाला चिकटला.

तर मराठीत सेल्युलॉइडला स्वतःचा शब्द होता आणि घरोघरी होता. तरीही सिनेमाच्या पट्टीला कोणी कचकडा म्हटले नाही. तिला फिल्म म्हटले, फीत म्हटले, आणि तिच्यावरच्या खेळाला चित्रपट. का, याचे उत्तर मी बरीच वर्षे शोधते आहे. मला आता असे वाटते, की या वस्तूत मुळात तीन-चार वस्तू एकावर एक आहेत आणि प्रत्येक शब्दाने आपापला थर नेमका पकडला आहे.

सर्वांत खालचा थर कापसाचा. कापसाच्या तंतूंवर सोऱ्याच्या आणि गंधकाच्या तेजाबाची क्रिया केली की ते तंतू दिसायला तसेच राहतात, पण स्वभाव पालटतो. १८४६ मध्ये बासेलच्या क्रिस्टियान शोनबाइन याने हे दाखवले आणि त्या कापसाला बंदुकीचा कापूस हे नाव पडले. सोऱ्याच्या तेजाबातून कापसात उतरणारे नायट्रेट कमी ठेवले तर तोच कापूस मद्यार्कासारख्या द्रावकांत विरघळतो, आणि कापूर घातला की मऊ, लवचीक होतो. १८८९ मध्ये जॉर्ज ईस्टमनच्या कारखान्यातून अशी पारदर्शक, गुंडाळता येणारी फीत बाहेर पडली. सत्तर मिलिमीटर रुंदीची ती पट्टी एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सन याने मधोमध चिरली, दोन्ही कडांना भोके पाडली, आणि पस्तीस मिलिमीटरचे माप जन्माला आले. ते माप पुढे शंभर वर्षे जगभर टिकले.

कापूर या शब्दाचा प्रवास या फितीएवढाच लांब आहे. संस्कृतातला कर्पूर, अरबीतला काफूर, तिथून लॅटिनमध्ये कॅम्फोरा आणि मग इंग्रजीत कॅम्फर. मुळात हा शब्द सुमात्रा-बोर्नियोच्या बाजूचा असावा, असा अभ्यासकांचा एक कयास आहे. मलय भाषेत कापुर असा शब्द आहेच. म्हणजे आरतीच्या तबकात आपण जे पेटवतो आणि हायटने ज्याच्यामुळे कापूस वळवला, ते एकच नाव निरनिराळ्या बंदरांवरून फिरून आलेले. सेल्युलॉइडचा धंदा वाढला तेव्हा जगाला लागणारा बहुतेक कापूर तैवानच्या डोंगरातल्या झाडांपासून येई. तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात होते आणि १८९९ मध्ये जपानी सरकारने तिथल्या कापराचा मक्ता स्वतःकडे घेतला. जपानी बाहुल्या कचकड्याच्या का असत, याचे एक कारण इथेही आहे.

कापूर हवेत उडून जातो. वडी उघडी ठेवली तर महिन्याभरात लहान होते, हे प्रत्येक घराला माहीत असते. फितीतला कापूरही असाच हळूहळू उडतो. मग फीत आकसते, कडक होते, आणि यंत्राच्या दात्यांवर तिची भोके बसेनाशी होतात. दोन भोकांमधले अंतर केसाएवढे जरी घटले तरी प्रोजेक्टर तिला फाडतो. कापूर जळून मागे काही उरत नाही, म्हणून तो देवापुढे. फितीचे जळणे मात्र पाहवत नाही. नायट्रेटच्या फितीला जळायला बाहेरच्या हवेची गरज नसते, कारण प्राणवायू तिच्या अंगातच असतो. वाळूखाली पुरली तरी जळते, पाण्यात बुडवली तरी जळते, आणि जळताना विषारी तांबूस धूर सोडते. जुनी, सडायला लागलेली फीत बंद डब्यात चाळीस अंशांच्या आसपासच्या उष्णतेत बराच काळ राहिली, तर कोणी काडी न लावताही पेट घेऊ शकते. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये सावलीतही याहून जास्त उष्णता असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे जळाली. सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांवर रिळे. "चुलीपाशी न्यायची नाही" हे आजीचे वाक्य त्या बातमीच्या वेळी मला पहिल्यांदा पुरते कळले.

आता दुसरा थर. इंग्रजीतला फिल्म हा शब्द ज्या जुन्या शब्दापासून आला त्याचा अर्थ पातळ कातडे, पापुद्रा. जनावराच्या कातड्याला इंग्रजीत फेल असा जुना शब्द आहे, तो याचाच भाऊबंद, आणि लॅटिनमधला पेलिस हाही त्याच घरचा. स्पॅनिशमध्ये सिनेमाला पेलिकुला म्हणतात, इटालियनमध्ये पेलिकोला. दोन्हींचा शब्दशः अर्थ लहानसे कातडे. फोटोग्राफीत हा शब्द आला तेव्हा तो मुळीच पट्टीचे नाव नव्हता. १८४० च्या दशकात काचेवर जो रसायनाचा पातळ लेप चढवत, त्याला फिल्म म्हणत. पुढे काच गेली, सेल्युलॉइड आले, आणि लेपाचे नाव लेपासकट अख्ख्या पट्टीला मिळाले. लेप आणि पट्टी दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी. त्यातला लेप म्हणजे साय म्हणावी इतका.

हा लेप जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात. आपल्याकडे सुतार आणि बुकबाइंडर जो सरस वापरतात, त्याचेच हे गाळलेले, निर्मळ रूप. त्यात चांदीचे प्रकाशाला भुलणारे क्षार कालवतात आणि ते मिश्रण दाट दुधासारखे दिसते. त्याला इमल्शन म्हणतात. हा शब्दही दुधाचाच. लॅटिनमध्ये मुल्गेरे म्हणजे धार काढणे. तो धातू आणि आपला मृज्, ज्यापासून मार्जन शब्द आला, एकाच कुळातले आहेत असे भाषेचे अभ्यासक मानतात. कातडे, दूध, सरस: गोठ्यातली सगळी नावे एका पारदर्शक पट्टीत उतरलेली आहेत.

गोठ्याचा आणखी एक धागा आहे, आणि मला तो फार आवडतो. जिलेटिनच्या एका घाण्याची फिल्म झटकन प्रकाश टिपायची, दुसऱ्या घाण्याची सुस्त निघायची, आणि कारण सापडत नव्हते. १९२५ मध्ये कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड याने ते शोधून काढले. ज्या गुरांच्या कातड्यांचे ते जिलेटिन होते, त्यांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीची रोपे होती, आणि मोहरीच्या तेलातले गंधकाचे अंश थेट फिल्मपर्यंत पोहोचले होते. फोडणीत जी मोहरी तडतडते आणि नाकाला झोंबते, त्यातलाच तो अंश फिल्मचा डोळा तेज करत होता.

हा थर खरोखर कातडे आहे, याचा पुरावा फिल्म धुण्याच्या कामात सापडतो. (धुणे हाच आपल्याकडचा शब्द: "रिळं धुवायला पाठवलीत.") ओले जिलेटिन तीस-पस्तीस अंशांपलीकडे गेले की फुगते, सुटते, शेवटी वितळते. रसायनांची पुस्तके लिहिली जात होती थंड देशांत, अठरा-वीस अंशांचा हिशेब धरून. आपल्याकडे वैशाखात नळाचे पाणीच त्याहून किती गरम असते. चित्र कायम करणाऱ्या हायपोच्या पाण्यात जिलेटिन घट्ट करणारे द्रव्य मिसळत, आणि ते द्रव्य म्हणजे तुरटी. चामडे कमावणारे कितीतरी पिढ्या कातड्याला तुरटी लावत आले आहेत, आणि फिल्मच्या लेपावरही तुरटी तेच करते. काळोखात लेपाची बाजू कोणती हे ओळखायचे तर फितीची कड ओठाला लावायची. जी बाजू ओठाला किंचित धरून राहते ती लेपाची. ओठालाही ते कातडे कळते.

सुरुवातीच्या या लेपाला लाल रंग दिसत नसे. म्हणून लाल दिव्याच्या उजेडात तो बिनधास्त हाताळता येई. पण लाल ते सगळे पडद्यावर काळे उमटे, आणि निळे आकाश कोरे पांढरे. मूकपटातल्या सौभाग्यवतीच्या कपाळावरचे कुंकू काळे का, याचे कारण त्या लेपाच्या डोळ्यात आहे. सर्व रंगांना जाणणारी फिल्म १९२० च्या दशकात सर्रास झाली.

आणि आता पट. चित्रपट हा शब्द सावरकरांनी घडवला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर असे कितीतरी नेटके शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या खटाटोपाचे मोल मोठेच आहे. पण चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. १९१७ मध्ये, सावरकर अंदमानात होते तेव्हा, दादासाहेब फाळके 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहीत होते आणि तिचे नाव 'भारतीय चित्रपट' होते. त्याच्याही मागे जावे तर संस्कृत कोशांत चित्रपट आहेच. त्याचे दोन अर्थ दिलेले आढळतात: कापडावर काढलेले चित्र, आणि रंगीबेरंगी कापड. 'मुद्राराक्षस' नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर फिरतो. यमाच्या दरबाराची चित्रे असलेले कापड उलगडून दाखवायचे आणि सोबत गाऊन सांगायचे. पिंगुळीचे चित्रकथी आजही चित्रे एकामागून एक पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. म्हणजे फाळक्यांच्या काळातल्या मराठी माणसाला शब्द घडवावा लागला नाही. उलगडत जाणाऱ्या चित्रांचे कापड त्याला ठाऊक होते आणि त्या कापडाचे नावही.

मला थक्क करते ते पुढचे. पट म्हणजे वस्त्र. पटकूर म्हणजे फाटके वस्त्र. हे नाव ज्यांनी उचलले त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा समोरचा पांढरा पडदा असेल, किंवा जुने चित्रांकित पट. ही पट्टी कापसाची आहे हे मनात धरून कोणी ते नाव दिले असेल असे वाटत नाही. पण ती कापसाचीच आहे. कापूस विणून वस्त्र होते, विरघळवून फीत होते. इंग्रजांनी वरच्या कातड्याचे नाव घेतले, आपण खालच्या कापडाचे घेतले, आणि दोन्ही नावे रसायनाच्या कसोटीला उतरतात.

एकदा पट कापडाचा म्हटल्यावर बाकीचे शब्दही शिंप्याच्या दुकानातून आले, हे ओघानेच झाले म्हणावे लागेल. फीत हा शब्द पोर्तुगीज फिताचा. कोकणच्या किनाऱ्यावरून आला, आधी मुलींच्या वेण्यांत गेला, उद्घाटनाच्या कात्रीखाली गेला, आणि मग चित्रफीत, ध्वनिफीत झाला. तिकडे ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी सिनेमालाच फिता म्हटले. दोन खंडांवर एका शब्दाने स्वतंत्रपणे एकच वाट धरली. रीळ मूळचे सुताचे. इंग्रजीतही रील म्हणजे आधी सूत गुंडाळायचे साधन, आणि आपल्याकडे शिवणयंत्राबरोबर दोऱ्याचे रीळ घरात आले. सिनेमाचे रीळ आले तेव्हा शब्द तयारच होता. चित्रपटाची लांबीही कापडासारखी मोजत, फुटांत. फुटाला सोळा चौकटी, मोठ्या रिळाला हजार फूट. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांचा आकडा असे आणि तो पडद्यावर येताच सगळे थिएटर पुटपुटे, "सोळा रिळांचा आहे." म्हणजे पैसे वसूल. धुतलेली फीत मोठाल्या लाकडी ढोलांवर गुंडाळून वाळवत, सूत वाळवावे तशी. वितरकाकडून गावच्या तंबूत जी येई ती पेटी. जो कधी बाहेरच पडला नाही तो चित्रपट डब्यात गेला. हे दोन शब्द मात्र सरळ आहेत, पत्र्याची पेटी आणि पत्र्याचा डबा, त्यांत उकलण्यासारखे काही नाही.

या रिळाचा ळ मला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी शब्दाला ळ देणे म्हणजे त्याला घरात घेणे. रीळ नपुंसकलिंगी झाले, त्याचे रिळे, रिळांचा, रिळावर असे सगळे विभक्तिकार्य झाले. आज फोनवर जे पाहतात ते रील, ती रील किंवा तो रील, आणि ल चा ळ झालेला नाही. त्या रीलला गुंडाळायला काही नाही, म्हणून तो शब्द हातातून गेलाच नाही. ज्यांनी रीळ म्हटले त्यांनी ते उचलले होते, जोडले होते, तुटल्यावर शिव्या दिल्या होत्या.

आणि त्यात बायकांचे हात होते. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा कोरी फिल्म बिनभोकांची येत असे. भोके आपली आपण पाडायची. त्यासाठी यंत्र आणले होते, आणि ते दादरच्या घरी, घरातली कामे आटोपल्यावर, सरस्वतीबाई फाळके चालवीत. एका चौकटीला एका कडेला चार भोके, दुसऱ्या कडेला चार. फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा होता. एका प्रतीचा हिशेब केला तर ४,७३,६०० भोके होतात. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेले तुकडे वेगळे. आणि हे अंदाजपंचे चालणारे काम नव्हे. एक ओळ तिरकी गेली तर पडद्यावर हरिश्चंद्र थरथरला असता. फिल्म भरणे, धुणे यांतही सरस्वतीबाईंचा हात होता. भांडवल उभे करण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो याची छोटी फिल्म केली होती, रोज थोड्या थोड्या चौकटी टिपून. ती पाहून पैसा मिळाला हे सगळे सांगतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी तासाभराचा जो पट पाहिला, त्याच्या दोन्ही काठांवरची ती पावणेपाच लाखांच्या घरातली भोके मला मात्र मोजावीशी वाटतात. वस्त्राचे काठ विणणारीला आपण कलावंत म्हणतो.

सर्वांत वरचा, डोळ्यांना दिसणारा थर चांदीचा. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये काळे जे दिसते ते रंगाचे नसते, ते चांदीचे बारीक कण असतात. उजेड लागला तिथे चांदी उरते, लागला नाही तिथली हायपोत वाहून जाते. संस्कृतात रूप म्हणजे आकार, दिसणे. त्यावरून रूप्य म्हणजे चांदी, त्यावरून आपले रुपे आणि रुपया. रुपेरी पडदा हा शब्द इंग्रजीच्या धर्तीवर आला, चंदेरी रंग दिलेल्या पडद्यांवरून. पण खरी रुपेरी होती ती फीत. तिच्यावरचे प्रत्येक रूप अक्षरशः रुप्याचे होते. रूप आणि रुपे हे दोन शब्द कोशात शेजारी असतात, फिल्मवर ते एकमेकांत मिसळलेले असतात. हे जुळणे कोणी ठरवून केले असते तर इतके नेमके झाले नसते.

आणि त्याच रुप्याने घात केला. खेळ संपला, प्रत ओरखड्यांनी भरली, की रिळे वजनावर विकली जात. लेप उतरवून चांदी काढायची, उरलेल्या कचकड्याच्या वस्तू करायच्या. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धात जॉर्ज मेलिएसच्या फिल्म वितळवून बुटांच्या टाचा केल्या गेल्या. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण-अपुरे धरून मोजकेच उरले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला लागलेल्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज कुठे नाही. जे आगीत गेले त्याचे दुःख होते. जे चांदीसाठी गेले त्याचा मला राग येतो, शंभर वर्षांनंतरही.

जे आगीतून आणि भट्टीतून वाचले, ते सडते. सडण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी फीत पिवळट पडते आणि चित्र फिकटते. मग लेप चिकट होऊन वेढा वेढ्याला धरतो. मग फोड येतात, त्यांतून मधासारखा पाझर सुटतो. मग सगळे रीळ एकजीव ढेप होते, आणि शेवटी तपकिरी भुकटी. नायट्रेटची ही भीती नको म्हणून अ‍ॅसिटेटची सुरक्षित फिल्म आली, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने नायट्रेट बंद केले. पण ही सुरक्षित फिल्म दमट उष्णतेत आंबते. डबा उघडला की शिरक्याचा वास नाकात जातो. जगात या आंबण्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडून. आपल्याच हवेने ते आधी दाखवले. कापूस तोच, फक्त सोऱ्याच्या जागी शिरक्याचे अम्ल. ज्याने बांधले तेच पुन्हा सुटून बाहेर येते.

गेल्या दिवाळीत पेटी आवरायला घेतली. भाची शेजारी बसली होती. फणी कागदातून काढली तर मधाचा रंग गढूळ झालेला, अंगावर बारीक भेगांचे जाळे, कडेला बोट लावले तर किंचित चिकट. तिच्यालगत आजीचे केसांचे आकडे होते, ते सगळे गंजून कागदाला चिकटले होते. पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यातले आकडे मात्र लख्ख होते. कचकडा सडताना जी वाफ सोडतो ती जवळच्या लोखंडाला खाते. "हे कशाचंय?" भाचीने विचारले. मी म्हटले, "कचकड्याचं." तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग तिला सांगितले, घास आणि हुंग. तिने कुर्त्याच्या बाहीवर हळूच घासली, नाकाशी नेली, आणि तोंड वेडेवाकडे केले. कापराचा वास गेला होता. उरला होता तो तेजाबाचा, झोंबणारा.

संग्रहालयातली माणसे असे रीळ हाती आले की ते आधी बाकीच्यांतून वेगळे काढतात आणि वाफ कोंडणार नाही अशा डब्यात थंड जागी ठेवतात. माझ्याकडे थंड जागा म्हणजे उत्तरेकडच्या खोलीतले खालचे फडताळ. फणी नव्या कागदात सैल गुंडाळली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, खोक्याला सुरीने भोके पाडली. आठ भोके पाडली. भाचीने वरच्या बाजूला पेन्सिलीने नाव लिहिले आणि विचारले, कचकड्यातला क चौथ्या अक्षरात येतो की तिसऱ्या.